‘मेक क्लीन’ करूनही डिस्क पुन्हा पुन्हा भरते तेव्हा: सोर्समधून कंपाइल केल्यानंतरची साफसफाई

सोर्स कोडवरून सॉफ्टवेअर कंपाइल करणाऱ्यांच्या संगणकावर एक अडचण काही काळाने हटकून परत येते. कंपाइल चालू असताना मध्येच ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा संदेश येतो, मग सोर्सच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘मेक क्लीन’ (कंपाइलची कामे क्रमाने करणाऱ्या ‘मेक’ या साधनाला दिलेली साफसफाईची आज्ञा) चालवले जाते, थोडी जागा मोकळी होते आणि काही आठवड्यांनी तोच संदेश पुन्हा समोर उभा राहतो. सोलापुरात ही तक्रार माझ्याकडे मुख्यतः अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून येते. त्यांच्यापैकी बरेच जण दुरुस्त करून विकलेला जुना लॅपटॉप घेतात, त्यातील १२८ किंवा २५६ जीबीच्या एसएसडीवर विंडोज तसेच ठेवतात आणि लिनक्ससाठी जेमतेम ३०-४० जीबीचे पार्टिशन काढतात. एवढ्या जागेत दोन-तीन मोठे प्रकल्प कंपाइल केले की पार्टिशन भरणारच. पण तेच ते पुन्हा भरते याचे कारण जागा कमी असणे एवढेच नसते. साफसफाई चुकीच्या क्रमाने आणि अर्धवट झालेली असते.

या लेखात कमांड, फाइलींची नावे आणि मार्ग देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीतच टाइप करावेत, आणि जेथे ‘मोठा’ असे लिहिले आहे तेथे पुढचे अक्षर कॅपिटल द्यावे.

काहीही पुसण्याआधी नेमके काय भरले आहे ते पाहावे. ‘डीएफ -एच’ ही कमांड कोणते पार्टिशन भरले ते सांगते, आणि ‘डीएफ -आय’ आयनोड (प्रत्येक फाइलीसाठी लागणारी नोंदीची जागा) संपले आहेत का ते सांगते. लाखो बारीक फाइली तयार करणाऱ्या बिल्डमध्ये (सोर्सपासून सॉफ्टवेअर उभे करण्याच्या कामात) जीबी शिल्लक असूनही आयनोड संपलेले असू शकतात. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम आपल्या जागेपैकी ५ टक्के जागा मुळातच रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकारी खात्यासाठी, राखून ठेवते, त्यामुळे ३० जीबीच्या पार्टिशनवर सुमारे दीड जीबी शिल्लक असतानाच सामान्य वापरकर्त्याला डिस्क भरल्याचा संदेश मिळतो. त्यानंतर होम फोल्डरमध्ये ‘डीयू -एसएच’ चालवून प्रत्येक फोल्डरचा आकार पाहावा. लपवलेले, म्हणजे नावाच्या सुरुवातीला टिंब असलेले, फोल्डर या पाहणीतून सुटू देऊ नयेत, कारण पुढे सांगितल्याप्रमाणे बरीचशी जागा तेथेच अडकलेली असते.

‘क्लीन’ काय पुसते आणि काय ठेवते

सोर्समधून सॉफ्टवेअर उभे करताना फाइली वेगवेगळ्या टप्प्यांवर तयार होतात. ‘कॉन्फिगर’ (संगणक तपासून बिल्डचे पर्याय ठरवणारी स्क्रिप्ट) चालवल्यावर मेकफाइल, कॉन्फिग.लॉग, कॉन्फिग.स्टेटस अशा फाइली येतात. ‘मेक’ चालवल्यावर ऑब्जेक्ट फाइली (एकेका सोर्स फाइलीचे कंपाइल केलेले तुकडे), लायब्ररी आणि तयार प्रोग्राम येतात. आणि ‘मेक इन्स्टॉल’ केल्यावर त्यांच्या प्रती /यूएसआर/लोकल खाली जातात. ग्नू प्रकल्पाच्या संकेतांनुसार ‘मेक क्लीन’ फक्त मधल्या टप्प्यातील फाइली पुसते आणि कॉन्फिगरेशन जागच्या जागी ठेवते. ‘मेक डिस्टक्लीन’ कॉन्फिगरेशनसह सर्व पुसते आणि टारबॉल (सोर्सचा एकत्र बांधलेला संग्रह) उघडल्यावर फोल्डर जसे होते तसे करून देते. ‘मेक मेंटेनर-क्लीन’ याहून पुढे जाऊन बायसनसारख्या साधनांनी तयार केलेल्या सी फाइलीही काढून टाकते, आणि त्या परत तयार करण्यासाठी ती साधने संगणकावर असावी लागतात. प्रकल्पाचे काम पाहणाऱ्या व्यक्तीखेरीज इतरांनी ते वापरू नये.

ही नावे सर्वत्र सारख्या अर्थाने वापरली जात नाहीत, हे मात्र लक्षात ठेवावे. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ‘मेक क्लीन’ केल्यावर .कॉन्फिग ही फाइल आणि बाहेरचे मॉड्यूल कंपाइल करण्यापुरते साहित्य शिल्लक राहते, तर ‘मेक एमआरप्रॉपर’ .कॉन्फिगसुद्धा पुसते, तासभर बसून निवडलेले पर्याय गमवायचे नसतील तर ती फाइल आधी दुसरीकडे ठेवावी. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोर्ट्समध्ये (सोर्समधून सॉफ्टवेअर बसवण्याच्या संग्रहात) ‘मेक डिस्टक्लीन’ उतरवून घेतलेले टारबॉलही काढून टाकते, म्हणजे मोबाइलच्या डेटावर उतरवलेले सारे पुन्हा उतरवावे लागते. सीमेक या दुसऱ्या बिल्ड-साधनात तर ‘डिस्टक्लीन’ नावाचे टार्गेटच (करायच्या कामाचे नाव) नसते. तेथे ‘क्लीन’ चालवले तरी सीमेककॅश.टीएक्सटी आणि सीमेकफाइल्स हे फोल्डर राहतात, त्यामुळे एकदा चुकीची लायब्ररी सापडली की ती ‘क्लीन’ करूनही सापडतच राहते. आवृत्ती ३.२४ पासून सीमेकला ‘--फ्रेश’ हा पर्याय आला आहे आणि तो कॅश बाजूला सारून कॉन्फिगरेशन नव्याने करतो; त्याआधीच्या आवृत्तीत बिल्ड फोल्डर (ज्यात कंपाइल केले ते) पुसून टाकणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

येथे थोडा धीर धरावा. बिल्ड फोल्डर पुसण्याची घाई हेच पुढच्या अडचणीचे मूळ असते.

अनइन्स्टॉल आधी, साफसफाई नंतर

‘सुडो मेक इन्स्टॉल’ने (‘सुडो’ म्हणजे रूटच्या हक्काने चालवणे) ज्या फाइली /यूएसआर/लोकल खाली ठेवल्या, त्यांची नोंद एपीटी किंवा डीएनएफसारख्या पॅकेज व्यवस्थापकाकडे नसते. ती माहिती फक्त बिल्ड फोल्डरमध्ये असते. ऑटोटूल्सच्या, म्हणजे ‘कॉन्फिगर’ वापरणाऱ्या, प्रकल्पात ‘मेक अनइन्स्टॉल’ त्याच मेकफाइलवर चालते जी ‘डिस्टक्लीन’ पुसून टाकते. सीमेक आपण होऊन अनइन्स्टॉलची सोय देत नाही, मात्र बिल्ड फोल्डरमध्ये इन्स्टॉल_मॅनिफेस्ट.टीएक्सटी ही फाइल ठेवतो आणि तीत ठेवलेल्या प्रत्येक फाइलीचा पूर्ण मार्ग असतो. मेसॉन या बिल्ड-साधनात ‘निंजा अनइन्स्टॉल’ चालते, परंतु तेही त्याच बिल्ड फोल्डरमधील नोंदीवरून. फोल्डर गेले की ही यादी गेली, आणि /यूएसआर/लोकलमधील फाइली मात्र कोणाच्याही खाती नसलेल्या अवस्थेत तशाच राहतात. जागा हळूहळू कमी होत जाते ती या फाइलींमुळेही, कारण दर नव्या आवृत्तीबरोबर जुन्या आवृत्तीच्या लायब्ररी, मॅन्युअल आणि हेडर फाइली तेथे साचत जातात.

जागेपेक्षाही याचा दुसरा परिणाम अधिक त्रासदायक आहे. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत शोधमार्गामध्ये (प्रोग्राम शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीत) /यूएसआर/लोकल/बिन हे /यूएसआर/बिनच्या आधी येते. त्यामुळे वर्षभरापूर्वी स्वतः कंपाइल केलेला प्रोग्राम तेथे पडून असेल, तर पॅकेजमधून नवी आवृत्ती घेतली तरी जुनीच चालू होते, आणि विद्यार्थी नव्या पॅकेजमध्ये दोष शोधत बसतो. डेबियन आणि उबुंटूमध्ये /यूएसआर/लोकल/लिब हेही लोडरच्या (प्रोग्रामला लायब्ररी जोडणाऱ्या भागाच्या) यादीत असते, म्हणून तेथील जुनी लायब्ररी वितरणाच्या प्रोग्रामांनाही जोडली जाऊ शकते. एखादा प्रोग्राम कारण नसताना कोसळू लागला, तर ‘एलडीडी’ने तो कोणती लायब्ररी उचलतो ते पाहावे, उत्तरात /यूएसआर/लोकल दिसले की दिशा मिळते.

म्हणून क्रम असा ठेवावा. सॉफ्टवेअर नको असेल किंवा नवी आवृत्ती घालायची असेल, तर जुन्या बिल्ड फोल्डरमध्ये जाऊन प्रथम ‘मेक -एन अनइन्स्टॉल’ चालवावे. ‘-एन’मुळे मेक काय करणार आहे ते फक्त छापले जाते, काही पुसले जात नाही. यादी योग्य वाटली की ‘सुडो मेक अनइन्स्टॉल’ चालवावे, त्यानंतर ‘सुडो एलडीकॉन्फिग’ करून लायब्ररींची यादी ताजी करावी, आणि मगच बिल्ड फोल्डर पुसावे. सीमेकच्या बाबतीत इन्स्टॉल_मॅनिफेस्टची फाइल उघडून नजरेखालून घालावी आणि मग ती ‘एक्सआर्ग्ज आरएम’ला (यादीतील एकेक फाइल पुसणाऱ्या कमांडला) द्यावी. या फाइलीत शेवटच्या इन्स्टॉलचीच नोंद असते आणि अशा पुसण्यानंतर रिकामी फोल्डरे मागे राहतात, एवढे ध्यानात ठेवावे. फाइलींच्या नावांत जागा सोडलेली असेल तर ‘एक्सआर्ग्ज’ ती नावे तोडते, तेव्हा ओळीनुसार वाचण्याचा पर्याय द्यावा.

अनइन्स्टॉल झाल्यावर टर्मिनलवर प्रोग्रामचे नाव टाइप केले की ‘/यूएसआर/लोकल/बिन’मधील त्या नावाची फाइल सापडत नाही असा संदेश कधी कधी येतो, आणि पॅकेजमधील प्रोग्राम /यूएसआर/बिनमध्ये असूनही चालत नाही. यात बिघाड काही नाही. बॅश आधी सापडलेला मार्ग लक्षात ठेवतो; ‘हॅश -आर’ दिले किंवा नवे टर्मिनल उघडले की तो मार्ग नव्याने शोधतो.

बिल्ड फोल्डर आधीच पुसले गेले असेल तरीही मार्ग आहे, फक्त वेळ लागतो. त्याच आवृत्तीचा टारबॉल पुन्हा घ्यावा, त्याच प्रीफिक्सने (बसवण्याच्या मूळ फोल्डरने) आणि त्याच पर्यायांनी कॉन्फिगर करून कंपाइल करावे, आणि ‘मेक इन्स्टॉल’ला ‘डेस्टडिर’ या चलात (व्हेरिएबलमध्ये) एखाद्या रिकाम्या तात्पुरत्या फोल्डरचा मार्ग द्यावा. सर्व फाइली त्या फोल्डरखाली जशाच्या तशा रचनेत येतात आणि काय कोठे गेले होते याची यादी ‘फाइंड’ने मिळते. ती यादी /यूएसआर/लोकलशी ताडून एकेक फाइल काढावी. पर्याय आठवत नसतील तर अडते; म्हणूनच मी प्रत्येकाला कॉन्फिग.लॉग वेगळी जपून ठेवायला सांगतो, कारण तिच्या सुरुवातीच्या ओळींतच कॉन्फिगर कोणत्या पर्यायांनी चालवले होते ते लिहिलेले असते. काही केबींची ती फाइल पुढचे अनेक तास वाचवते.

‘परमिशन डिनाइड’ म्हणून क्लीन अडते तेव्हा

स्वतःच्याच होम फोल्डरमधील फाइली पुसता येत नाहीत, ही तक्रारही वारंवार येते. ‘सुडो मेक इन्स्टॉल’ चालवताना काही प्रकल्प इन्स्टॉलच्या आधी ऑब्जेक्ट फाइलींची पुन्हा जोडणी (लिंकिंग) करतात. लिबटूल (लायब्ररी तयार करण्याचे साधन) वापरणारे प्रकल्प असे अनेकदा करतात. त्या वेळी मेक रूट म्हणून चालत असल्यामुळे नव्या फाइलींची मालकी रूटकडे जाते. लिनक्समध्ये फाइल पुसण्याचा हक्क ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या परवानगीवर ठरतो, त्यामुळे आपल्या फोल्डरमधील रूटची एखादी फाइल पुसता येते; पण रूटने नवे उपफोल्डर तयार केले असेल तर त्यातील फाइलींना हात लावता येत नाही आणि ‘मेक क्लीन’ तेथे थांबते. अशा वेळी ‘सुडो मेक क्लीन’ चालवण्याचा मोह टाळावा. मेकफाइलमध्ये पुसण्याच्या ओळीत एखादे चल रिकामे राहिले असेल, तर रूटच्या हक्काने काय पुसले जाईल याचा नेम नाही. ‘सुडो चोन -मोठा आर’ वापरून त्या फोल्डरची मालकी स्वतःकडे घ्यावी आणि क्लीन आपल्या हक्कानेच चालवावे.

गिटमधून (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातून) घेतलेल्या सोर्ससाठी ‘गिट क्लीन’ हे सर्वांत पूर्ण साधन आहे, कारण गिटच्या नोंदीत नसलेली कोणतीही फाइल ते ओळखते. ‘-एक्स’ दिल्यावर गिटइग्नोरमध्ये दुर्लक्ष करण्यासाठी नमूद केलेल्या फाइलीही पुसल्या जातात, आणि त्यांत बिल्डच्या फाइलींबरोबर तुमच्या पासवर्डची .एन्व्ह फाइल किंवा प्रकल्पाचा अजून नोंद न केलेला अहवालही असू शकतो. त्यामुळे आधी ‘-एनडीएक्स’ देऊन यादी वाचावी, मगच ‘-एन’च्या जागी ‘-एफ’ द्यावे.

फोल्डरबाहेर साचलेली जागा

सीकॅश (आधीच्या कंपाइलचे निकाल साठवणारे साधन) वापरत असाल तर त्याचा साठा होम फोल्डरमधील .कॅश या लपवलेल्या फोल्डरमध्ये वाढत जातो आणि त्याची मूळ मर्यादा ५ जीबी असते. मोठ्या डिस्कवर हे योग्यच आहे, पण ३० जीबीच्या पार्टिशनवर ‘सीकॅश -मोठा एम’ देऊन मर्यादा एक-दोन जीबीवर आणावी. साठा पूर्ण पुसण्याची गरज क्वचितच असते, कारण तो पुसला की पुढचे प्रत्येक कंपाइल पुन्हा मूळ संथ गतीने होते. रस्टच्या प्रकल्पांत ‘टार्गेट’ फोल्डर फार मोठे होते आणि ‘कार्गो क्लीन’ने जाते. डेबियन आणि उबुंटूमध्ये ‘एपीटी बिल्ड-डेप’ने कंपाइल करण्यासाठी घेतलेली पॅकेजे सहसा ‘मुद्दाम बसवलेली’ अशी नोंदली जातात, म्हणून गरज न उरलेली पॅकेजे काढणारे ‘ऑटोरिमूव्ह’ त्यांना हात लावत नाही. त्याऐवजी ‘एमके-बिल्ड-डेप्स’ वापरले तर एक नाममात्र पॅकेज तयार होते, आणि ते काढून ‘ऑटोरिमूव्ह’ केले की सोबतची सारी पॅकेजे जातात.

कर्नल कंपाइल केले असेल तर डीबग माहितीसह बिल्ड फोल्डर दहा जीबीच्या पुढे सहज जाते आणि /लिब/मॉड्यूल्समध्येही न छाटलेले (डीबग माहिती न काढलेले) मॉड्यूल काही जीबी घेतात. कर्नलला अनइन्स्टॉल नाही. ‘युनेम -आर’ने सध्या चालू असलेले कर्नल कोणते ते पाहावे, ते सोडून जुन्या आवृत्तीचे मॉड्यूलचे फोल्डर आणि /बूटमधील त्या आवृत्तीच्या फाइली काढाव्यात, आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवावे. पुढच्या वेळी ‘मेक बिनडेब-पीकेजी’ने डेब पॅकेज करून बसवले तर काढण्याचे काम एपीटी करतो.

वीज गेल्यानंतर न जोडले जाणारे बिल्ड

हा प्रकार आपल्याकडे उन्हाळ्यात विशेष दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, दुपारी वीज जाते, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी निकामी असल्याने तो वायर निघाल्यासारखा बंद पडतो. वीज आल्यावर ‘मेक’ पुन्हा चालवले की बरेचसे काम झालेले असल्याने ते भराभर पुढे जाते, आणि शेवटी जोडणीच्या वेळी ‘फाइल नॉट रेकग्नाइज्ड’ किंवा ‘फाइल ट्रंकेटेड’ असे म्हणून थांबते. पुन्हा चालवले तरी नेमके तेथेच थांबते.

कारण असे की कंपायलरने लिहिलेला मजकूर काही काळ मेमरीतच राहतो आणि नंतर डिस्कवर उतरतो. वीज त्या दरम्यान गेली तर फाइलीचे नाव आणि वेळ डिस्कवर पोहोचलेली असते, मजकूर पोहोचलेला नसतो. ‘एलएस -एल’ने पाहिल्यास त्या ऑब्जेक्ट फाइलीपुढे वीज गेल्याची वेळ आणि आकाराच्या जागी शून्य दिसते. मेक फक्त वेळ पाहते: ऑब्जेक्ट फाइल सोर्सपेक्षा नवी आहे, म्हणजे काम झाले आहे, असे ते धरते आणि ती पुन्हा तयार करत नाही. कंट्रोल-सी दाबून थांबवले असते तर ग्नू मेकने अर्धवट फाइल स्वतःच काढून टाकली असती, पण वीज गेल्यावर तेवढी उसंत त्याला मिळत नाही.

लहान प्रकल्पात सरळ ‘मेक क्लीन’ करावे. मोठ्या प्रकल्पात, जेथे चार-पाच तासांचे काम वाया जाईल, तेथे ‘फाइंड’ला ऑब्जेक्ट फाइलींचे नाव आणि ‘-साइझ ०’ देऊन शून्य आकाराच्या फाइली शोधाव्यात आणि त्याच पुसाव्यात. काही फाइल सिस्टिमवर आकार बरोबर दिसतो पण आत नुसते शून्य बाइट असतात, म्हणून वीज जाण्याआधीच्या दोन-तीन मिनिटांत तयार झालेल्या साऱ्याच ऑब्जेक्ट फाइली काढणे अधिक सुरक्षित. त्यांच्याबरोबर अवलंबित्वाच्या, म्हणजे टिंब-डीच्या, फाइलीही रिकाम्या राहिलेल्या असू शकतात. ऑब्जेक्ट फाइल पुन्हा तयार होताना त्या नव्याने लिहिल्या जातात, तेव्हा त्यांना वेगळे पुसण्याची गरज नाही.

याचाच जोडप्रकार घड्याळाचा आहे. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याच्या डिझाइन विभागात जुना संगणक होता. तेथे ‘मेक’ दर वेळी सर्व फाइली पहिल्यापासून कंपाइल करत असे आणि ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ असा इशारा देत असे. मदरबोर्डवरील सीआर२०३२ सेल संपला होता, त्यामुळे वीज गेली की घड्याळ अनेक वर्षे मागे जाई. सोर्स फाइली भविष्यातील वाटत आणि नव्या ऑब्जेक्ट फाइली त्यांच्यापेक्षा जुन्या ठरत. अशा वेळी कितीही क्लीन केले तरी उपयोग होत नाही. सेल बदलावा, घड्याळ बरोबर करावे, त्यानंतर एकदाच क्लीन करून पूर्ण बिल्ड करावे. घड्याळ बरोबर असूनही इशारा येत राहिला तर ‘फाइंड’च्या ‘-न्यूअरएमटी नाऊ’ने भविष्यातील तारखेच्या फाइली शोधून त्यांना ‘टच’ करावे.

पुन्हा भरू नये यासाठीची मांडणी

सोर्सच्या फोल्डरमध्येच कंपाइल न करता वेगळे बिल्ड फोल्डर वापरावे. सीमेकला ‘-मोठा एस’ आणि ‘-मोठा बी’ने दोन्ही मार्ग स्पष्ट द्यावेत. पूर्वी कधी सोर्सच्या मुळाशीच सीमेक चालवले असेल आणि तेथे सीमेककॅश पडून असेल, तर बिल्ड फोल्डरमधून ‘सीमेक’ला नुसती दोन टिंबे दिल्यावर ते त्या जुन्या जागीच बिल्ड करते, म्हणून ती कॅश आधी काढावी. ऑटोटूल्समध्ये हीच अडचण ‘सोर्स डिरेक्टरी ऑलरेडी कॉन्फिगर्ड’ या संदेशाने समोर येते आणि सोर्समध्ये ‘मेक डिस्टक्लीन’ केल्यावर सुटते.

इन्स्टॉल करताना प्रीफिक्स म्हणून /यूएसआर/लोकल/स्टो खाली सॉफ्टवेअरच्या नावाचे आणि आवृत्तीचे स्वतंत्र फोल्डर द्यावे आणि ग्नू स्टो या दुवे सांभाळणाऱ्या साधनाने त्याचे दुवे /यूएसआर/लोकलमध्ये जोडावेत. काढताना ‘स्टो -मोठा डी’ने दुवे सोडवावेत आणि ते एक फोल्डर पुसावे. असे केलेल्या संगणकावर बिल्ड फोल्डर इन्स्टॉल झाल्याच्या दिवशीच निर्धास्तपणे काढता येते, कारण अनइन्स्टॉलसाठी त्याची गरज उरत नाही; फक्त कॉन्फिग.लॉग त्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवावी.